कबनूरच्या पत्र्यावर

जयसिंगपूरला शाळेत होते तेव्हाची गोष्ट. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. विज्ञानाचे सर एके दिवशी वर्गात आले, खडू हातात घेतला आणि म्हणाले, "आभाळाला भोक पडलंय." त्यांना ओझोनच्या थराबद्दल शिकवायचं होतं. पुढचं त्यांनी नीटच सांगितलं असणार, पण माझ्या डोक्यात राहिलं ते पहिलं वाक्य. घरी येऊन आईला सांगितलं. आई कुरडया घालत होती. तिनं मान वर करून बघितलं आणि म्हणाली, "कुठं? दिसंना की." मला हसू आलं नाही. त्या उन्हाळ्यात घरातले सगळे अंगणात झोपायचे आणि मी एकटी आत, उकाड्यात.

शेवटी धीर करून सरांना विचारलं, "एवढ्या वरचं कुणाला कसं कळतं?"

"उपग्रहाला दिसतं," सर म्हणाले, आणि तास संपला.

मोठी झाल्यावर मी ह्याच कामाला लागले. कोल्हापुरात भौतिकशास्त्रात संशोधन करत होते आणि राजारामपुरीत एका क्लासच्या वरच्या खोलीत राहत होते. खाली सकाळपासून पोरं एका सुरात सूत्रं म्हणायची, वर मी आलेख काढायचे. माझा विषय होता स्थितांबरातलं तापमान. ढग, पाऊस, वारा हे सगळं खालच्या थरात चालतं. त्याच्या वर हवेचा जो शांत थर सुरू होतो ते स्थितांबर. नाव शांत असलं तरी ते शांत नसतं. तिथलं तापमान दिवसादिवसाला, आठवड्याआठवड्याला हलत असतं, आणि ते किती हलतं आणि का, हे मला शोधायचं होतं.

तिथं कुणी थर्मामीटर घेऊन जात नाही. एका उपग्रहाकडून निघालेली रेडिओलहर दुसरा उपग्रह पकडतो. मधे पृथ्वीच्या कडेची हवा येते आणि त्या हवेतून जाताना लहर किंचित वाकते. किती वाकली त्यावरून हवेची दाटी कळते आणि दाटीवरून तापमान. ही मोजमापं परदेशातून नेटवर यायची. विभागातलं नेट एवढं मंद होतं की मी राजारामपुरीतल्या एका कॅफेत बसून ती उतरवून घ्यायचे आणि सीडीवर भरून न्यायचे.

त्या हिवाळ्यात मला एक विचित्र गोष्ट दिसली. आपल्या उष्ण कटिबंधाच्या पट्ट्यावरची, वीस-बावीस किलोमीटर उंचीवरची हवा हळूहळू थंड होत चालली होती. आधीच ती उणे साठ-सत्तरच्या आसपास असते. त्याच्याही खाली तीन-चार अंश. एखाद्या दिवशी नाही, सलग. मी प्रोग्रॅम पुन्हा चालवला. ओळ न् ओळ तपासली. आलेख तसाच.

दुसऱ्या कुणाला कदाचित आनंद झाला असता. मी घाबरले. कारण माझ्या लेखी त्याचा एकच अर्थ होता, माझं काहीतरी चुकलंय.

ही भीती माझी एकटीची नव्हती, घरातून आलेली होती. आबा, म्हणजे माझे वडील, एसटीत कंडक्टर होते. आजोबांनी छप्पन्न साली बौद्ध धम्म घेतला, आबा दहावी झाले, आणि पदवीच्या पुढं गेलेली घरातली मी पहिली. मी कोल्हापूरला निघाले त्या दिवशी आबांनी मला स्टँडवर सोडलं आणि गाडी सुटायच्या आधी खिडकीपाशी येऊन म्हणाले, "नीट कर. दुसऱ्याचं पोरगं चुकलं तर ते एकटं चुकतंय. आपलं चुकलं की सगळ्यांच्या नावावर घालत्यात." ते मला घाबरवायला बोलले नव्हते. पण मी प्रत्येक आकडा त्या वाक्यासकट लिहायचे.

आलेख घेऊन माझ्या मार्गदर्शक सरांकडे गेले. सरांनी कागद बराच वेळ बघितला.

"प्रोग्रॅम तपासलास?"

"हो सर. खूप वेळा."

"मग घाबरायलीस कशाला? एक तर उपग्रहाच्या आकड्यांत खोट आहे, नाहीतर वर खरंच काहीतरी चाललंय. दोन्ही बघण्यासारखं आहे." त्यांनी चष्मा काढला. "बलून सोडू. उपग्रह आपल्या बाजूला मोजणार असेल त्या वेळेला आपणही मोजायचं. दोन्ही जुळले तर तुझं खरं."

बलून म्हणजे रबराचा पांढरा फुगा. त्याच्याखाली लांब दोरी, दोरीला छोटी छत्री आणि छत्रीखाली थर्माकोलच्या डबीत बसवलेलं यंत्र. ते वर जाताना तापमान मोजतं आणि रेडिओवरून खाली कळवतं. फुगा वर जाईल तसा फुगत जातो, शेवटी फुटतो आणि यंत्र छत्रीला लटकून खाली येतं. कुठं येईल ते वाऱ्यावर. सरांनी ओळखीतून तीन यंत्रं मिळवली, विमानतळाची परवानगी काढली, पोलिसांनाही कळवून ठेवलं. प्रत्येक डबीवर मी माझ्या हातानं मराठीत लिहिलं: हे हवामानाचे यंत्र आहे, धोका नाही, सापडल्यास कळवावे. खाली विभागाचा फोन नंबर.

फुग्यात हायड्रोजन भरायचा होता. सर म्हणाले, "सुती कपडे घालून ये. नायलॉन नको, ठिणगी उडते." मी सुती पंजाबी ड्रेस घातला, केस घट्ट बांधले, बांगड्या काढून ठेवल्या. मैदानावर सिलिंडरचा फुस्स आवाज सुरू झाला आणि फुगा माणसाएवढा झाला, मग माणसाहून मोठा. तो वाऱ्यानं माझ्याकडे झुकला की माझे डोळे आपोआप मिटायचे. सरांनी "सोड" म्हटलं. दोरी हातातून सुटली आणि बघता बघता फुगा पूर्वेकडे, लहान होत गेला.

आत पडद्यावर आकडे यायला लागले. शून्य. उणे वीस. उणे पन्नास. उणे ऐंशीच्या खाली जाऊन तापमान पुन्हा चढायला लागलं, वर तसंच व्हायला पाहिजे. मग माझी उंची आली. आकडा उपग्रहाच्या आकड्याला लागून होता, एका अंशाच्या आतबाहेर. वरची हवा खरोखरच नेहमीपेक्षा थंड होती. सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. थोड्या वेळानं रेडिओवर खरखर सुरू झाली आणि यंत्राचा आवाज बंद पडला. फुगा फुटला होता.

डबा खाऊन आम्ही परत येऊन बसलो तोवर विभागातला फोन वाजला. मीच उचलला.

"हॅलो," पलीकडून दबलेला आवाज. "पावणं, तुमचा नंबर लिवलाय ह्येच्यावर."

"कशावर? कोण बोलतंय?"

"मी कबनूरातनं बोलतोय. माझं लूम हाईत हितं. पत्र्यावर काय तरी येऊन पडलंय. पांढरी डबी हाय, वायरी हाईत. वर लाल कापड तारंला अडकलंय."

माझा जीव भांड्यात पडला. "अहो, ते आमचंच आहे. हवामानाचं यंत्र. घाबरू नका, धोका नाही."

"धोका न्हाय असं लिवलंय की वर," तो म्हणाला. "पर तसं कोन बी लिवंल."

त्याच्या मागं लोकांचा गलका ऐकू येत होता.

"बाई, गल्लीत माणसं जमल्यात. कुनीतरी पोलिसांस्नी फोन केलाय. मी हात लावलेला न्हाय, शपथ. पर तुमी या. लवकर या. मी मुसलमान मानूस हाय. माझं कोन ऐकनार?"

ते वर्ष कसं होतं ते सांगायला पाहिजे. मुंबईत लोकलमध्ये स्फोट होऊन गेले होते, त्यानंतर मालेगावात. मालेगाव म्हणजे लूमचंच, यंत्रमागांचं गाव, आमच्या इचलकरंजीसारखं, तिला लागून असलेल्या कबनूरसारखं. बेवारस पिशवी दिसली तरी स्टँड रिकामा व्हायचा. त्या दिवसांत एका मुसलमान माणसाच्या पत्र्यावर वायरी लोंबणारी डबी आभाळातून येऊन पडली होती, आणि ती मी सोडली होती.

सरांना सांगितलं. ते लगेच पोलिसांच्या मुख्य कार्यालयाला फोन लावायला लागले. लाइन लागेना. "तू थांब," ते म्हणाले, "वरून सांगितलं की खालचे ऐकतील."

"सर, तोवर तिथं काय होईल?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. "स्कूटी आहे ना? जा. मी फोन लावत राहतो, लागला की मागोमाग येतो."

जाताना मी कपाटातलं दुसरं यंत्र घेतलं. तोंडानं सांगून कुणी ऐकणार नाही, दाखवायला काहीतरी पाहिजे, एवढाच विचार होता. कापडी पिशवीत घालून ते पायाशी ठेवलं. शहराबाहेर पडल्यावर डोक्यात आलं की मी आता नेमकं तेच घेऊन चाललेय जे बघून एक गल्ली घाबरलीय. वायरी, बॅटरी, डबी. रस्त्यात कुणी अडवलं आणि पिशवी उघडायला सांगितली तर मी काय सांगणार? हातकणंगल्याच्या आधी पोलिसांची गाडी उभी होती. मी हळूही झाले नाही आणि जोरातही गेले नाही. मान सरळ ठेवली. त्यांच्यातला एकजण वडापाव खात होता. त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही, पण पुढं बराच वेळ माझ्या पाठीत कळ राहिली.

कबनूर म्हणजे आवाज. कुठल्याही गल्लीत शिरा, मागांची खडखड अंगावर येते. दोन माणसं शेजारी उभी राहून ओरडून बोलतात. त्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी पोचले तर सगळं चिडीचूप. आधी वाटलं, भारनियमन असेल, वीज गेली असेल. पण शेडमधल्या ट्यूबलाइट चालू होत्या. लोकांनी माग बंद करून ठेवले होते. ती शांतता मला सगळ्यात भयंकर वाटली.

माणसं दोन्ही बाजूंना दाटून उभी होती, मधे गल्ली मोकळी. पत्र्याच्या शेडच्या कडेला माझी डबी दोरीला लोंबत होती, वाऱ्यानं हलत होती. छत्री वर विजेच्या तारेपाशी अडकली होती. खाली दोन पोलीस. आणि शेडच्या दारात स्टुलावर एक माणूस बसला होता, पन्नाशीचा, दाढीत पांढरे केस, बनियनवर सुताचे तंतू चिकटलेले. एवढ्या गर्दीत त्याच्या आसपास कुणी नव्हतं. शेजारीसुद्धा लांब उभे होते. आत दाराच्या फटीतून त्याची बायको दिसत होती, तोंडाला पदर लावून.

मी पुढं झाले तसा हवालदार ओरडला, "ओ बाई, मागं व्हा! दिसंना काय?"

"ते यंत्र आमचं आहे. मी कोल्हापूरहून आलेय. मीच सोडलंय."

"तुमी? काय सोडलंय?"

"फुगा. हवामानाचा. आभाळातलं तापमान मोजायला."

गर्दीतून कुणीतरी हसलं. हवालदारानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "नाव काय?"

मी नाव सांगितलं.

"आडनाव?"

मी आडनाव सांगितलं. तो जरा थांबला. त्या थांबण्याची मला लहानपणापासून सवय होती. मग म्हणाला, "हितं कशी काय वळख तुमची? ह्येंच्याकडं येनंजानं हाय?"

"नाही. ह्यांचा फोन आला म्हणून आले."

"म्हंजे फोन बी हाय व्हय एकमेकाचा."

मी खरं बोलत होते आणि प्रत्येक खरं वाक्य त्या माणसाला आणखी आत ढकलत होतं. मागून एकजण बोलला, "एवढं गाव सोडून ह्येच्याच पत्र्यावर बरं पडलं?" दुसरा म्हणाला, "काय असल्याबिगर पडतंय व्हय?" स्टुलावरच्या माणसानं मान खालीच ठेवली होती. फक्त हातानं गुडघा दाबत होता.

मी पिशवीतून दुसरं यंत्र बाहेर काढलं.

गर्दी एकदम मागं सरली. एका बाईनं किंकाळी फोडली. हवालदाराचा हात कमरेकडे गेला. मला वाटलं, संपलं. पण आता परत आत ठेवणंही शक्य नव्हतं. मी ते दोन्ही हातांवर धरून रस्त्यावर खाली बसले, मांडी घालून, आणि डबी उघडायला लागले.

"बघा," मी म्हणाले. "हे थर्माकोल. हे आपण टीव्हीच्या खोक्यात बघतो तेच. ही बॅटरी. ही पाण्यात भिजवली की चालू होते. आणि ही बारीक तार दिसते का, केसासारखी? ही तापमान ओळखते. बास. ह्याच्यात दुसरं काही नाही."

"मग ही लांब वायर कशापायी?" हवालदारानं दुरूनच विचारलं.

"ती रेडिओची. वर काय तापमान आहे ते आम्हाला सांगते."

"वर किती हाय?" हे स्टुलावरच्या माणसानं विचारलं. पहिल्यांदाच तो बोलला. मला वाटतं त्याला तापमानाशी काही घेणं नव्हतं. कुणीतरी साधं काहीतरी बोलतंय, तेवढं त्याला धरायचं होतं.

"उणे ऐंशी, चाचा," मी म्हणाले. "बर्फाच्या किती तरी खाली."

गर्दीत जरा कुजबुज झाली. हवालदार दोन पावलं जवळ आला, वाकून बघितलं, हात लावला नाही. "ते समदं खरं असंल," तो म्हणाला, "पर वरचं तेच हाय हे कशावरनं? पथक बोलावलंय कोल्लापुरातनं. तवर कुनी हात लावायचा न्हाय."

"पथक यायला किती वेळ?"

"संध्याकाळ व्हईल."

मी चाचांकडे बघितलं. संध्याकाळपर्यंत त्या स्टुलावर. गर्दी वाढत जाणार, गोष्ट गावभर फिरत जाणार. इचलकरंजीपर्यंत पोचेपर्यंत ती डबी काय होईल कुणास ठाऊक.

"मी काढते," मी म्हणाले. "माझ्या जबाबदारीवर. शिडी द्या फक्त."

हवालदार दुसऱ्याशी बोलला. दोघांचंही वय आबांएवढं असेल. आता विचार करते तेव्हा वाटतं, तेही घाबरलेलेच होते. त्या वस्तूखाली तेसुद्धा दुपारपासून उभे होते. शेवटी तो म्हणाला, "समद्यांच्या म्होरं सांगा, सोताच्या मर्जीनं जाताय म्हनून."

मी मोठ्यानं सांगितलं. शिडी कुणी आणून देईना. चाचाच उठले, आतून बांबूची शिडी आणली आणि पत्र्याला लावली. "धरतो मी," ते म्हणाले. त्यांनी शिडी धरली तेव्हा ती हलायला लागली.

चढताना मला सगळं माहीत होतं. डबी माझी, अक्षर माझं, नंबर आमच्या विभागाचा. तरी अर्ध्या शिडीवर माझं ज्ञान कुठं गेलं कळलं नाही. खाली एवढी माणसं श्वास धरून बघत होती आणि त्यांची भीती माझ्या पायांतून वर चढत होती. वाटलं, दुसरंच काही असलं तर? मधल्या वेळात कुणी काही केलं असलं तर? वेड्यासारखा विचार, पण आला. आबांची आठवण आली. त्यांना कळवलंही नव्हतं.

पत्रा उन्हानं तापला होता. मी हात लांब करून डबी धरली. डबी आतून गरम होती. उन्हाची गरमी नाही, आतली. मी तशीच थिजले. हात सोडता येईना, धरवेना.

मग आठवलं. बॅटरी. पाण्यात भिजवलेली बॅटरी चालू झाली की गरम होते, वरच्या थंडीत ती गोठू नये म्हणून ते बरंच असतं. सकाळी मीच ती भिजवली होती.

मी दोरी तोडली, डबी छातीशी धरली आणि उतरले. छत्री तारेजवळ होती, तिला हात लावला नाही. खाली आल्यावर डबी उघडली, बॅटरीची वायर काढली आणि दोन्ही यंत्रं शेजारी शेजारी रस्त्यावर ठेवली. सारखी. हवालदारानं बुटाच्या टोकानं एक जरासं हलवून बघितलं. काही झालं नाही. मग कुणीतरी म्हणालं, "च्यायला, खेळनं हाय की," आणि लोक हसायला लागले. मला ते हसणं सहन झालं नाही. चाचा हसले नाहीत.

मला वाटलं होतं, झालं. पण हवालदार म्हणाला, "चला. चौकीला येऊन जबाब द्या. तुमी बी आनी हे बी."

"ते कशाला? त्यांचा काय संबंध?"

"त्यांच्या जागंत घावलंय. फकस्त जबाब हाय."

चाचांचा चेहरा तेव्हा जो झाला तो मी विसरलेले नाही. स्टुलावर बसले होते तेव्हाही तसा नव्हता. आतून त्यांची बायको बाहेर आली आणि माझा दंड धरला. तिची बोटं रुतली. "बेटी, अकेला मत छोडो," एवढंच म्हणाली.

मी सोडलं नाही. चौकीत आम्ही दोघं एका बाकावर बसलो. माझा जबाब आधी घेतला, मला जायला सांगितलं, मी बसूनच राहिले. हवालदारानं दोनदा विचारलं, "आता काय पायजे?" मी म्हणाले, "ह्यांच्याबरोबरच जाणार." चाचांना आतल्या टेबलापाशी बसवून, कुठं राहता, पोरं कुठं असतात, पाहुणे कुठले येतात, असले प्रश्न विचारत होते. त्यांचा थोरला पुण्यात नोकरीला होता. त्याचा नंबर मागितला तेव्हा ते पहिल्यांदा अडखळले.

मधे आम्ही दोघंच होतो तेव्हा त्यांनी मला विचारलं, "ताई, तुमाला भ्या वाटलं न्हाय वर जाताना?"

"खूप वाटलं."

"मला वर पडलंय त्येचं भ्या न्हवतं वाटलं," ते म्हणाले. "डबी बघितली तवाच वळखलं, काय तरी यंत्र हाय म्हनून. भ्या खालचं वाटलं."

सर पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. त्यांचा फोन शेवटी मुख्य कार्यालयात लागला होता आणि चौकीतही तोवर वायरलेसवर निरोप आला होता. एकदम सगळे नीट बोलायला लागले. चहा आला. हवालदार चाचांना म्हणाला, "राग मानू नका, आमाला बी करायला लागतंय." चाचांनी मान हलवली आणि चहा न घेता उठले. आम्ही त्यांना घरापर्यंत सोडलं. गल्लीत माग पुन्हा सुरू झाले होते. त्यांचे तेवढे बंद होते.

आबांना मी पुढच्या रविवारी जयसिंगपूरला गेल्यावर सांगितलं. वाटलं होतं, शाबासकी देतील. ते ताटावरून उठले. "पिशवीत घालून न्यायला तुला कुनी सांगितलं हुतं?" ते ओरडले. आबा माझ्यावर कधी ओरडायचे नाहीत. "रस्त्यात धरलं असतं तर? आडनाव बघितलं असतं, आन् मग? मी कुठं हुडकलं असतं तुला?" आई त्यांना खाली बसवायला लागली तर त्यांनी तिचा हात झटकला. मग अंगणात जाऊन बराच वेळ उभे राहिले. परत आले तेव्हा विचारलं, "त्यो मानूस सुटला न्हवं?" मी हो म्हटलं. "मग बरं केलंस," ते म्हणाले आणि जेवले.

काही महिन्यांनी कळलं की त्याच आठवड्यांत उत्तर ध्रुवावरचं स्थितांबर अचानक तापलं होतं. तिथं हवा खाली बसून तापते तेव्हा इकडं आपल्या पट्ट्यावरची हवा वर उचलली जाऊन थंड होते. मला दिसलेली थंडी ती होती. जगात इतर ठिकाणच्या लोकांनाही ती दिसली होती. माझं चुकलं नव्हतं. सरांनी पेढे वाटले. मला पेढा गोड लागला, पण ज्या दिवशी तो आकडा पडद्यावर जुळला त्या दिवसाचा मला पडदा कमी आणि गल्ली जास्त आठवते.

चाचांना मी दोनदा फोन केला. पहिल्यांदा ते चांगले बोलले. सूत देणारा व्यापारी थोडे दिवस टाळत होता, आता नीट झालंय, म्हणाले. दुसऱ्यांदा त्यांच्या बायकोनं उचलला. थोरल्यानं पुण्याला बोलावून घेतलंय, माग दुसऱ्याला चालवायला दिलेत, म्हणाली. डबीमुळं का, हे मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

दोन यंत्रं उरली होती. सरांनी विचारलं, "सोडायची का?" संशोधनाला एकच मोजमाप पुरत नाही, हे मलाही कळत होतं. वारा कुठं नेईल ते दहादा बघितलं. आजूबाजूच्या सगळ्या ठाण्यांत मी स्वतः जाऊन सांगून आले. एक उसात पडलं, शेतकऱ्यानं आणून दिलं. शेवटचं सोडलं त्या दिवशी आकडे बघायला सर बसले. मी फोनपाशी बसले. फुगा फुटला, खरखर थांबली, दुपार गेली, संध्याकाळ झाली. फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

सर म्हणाले, "पडलं असेल नदीत, नाहीतर माळावर." असेलही. पण मला अजून वाटतं, ते कुणाच्या तरी पत्र्यावर पडलं असणार. त्यानं डबीवरचं वाचलं असणार, आणि फोन न करता, कुणी बघायच्या आत, गुपचूप पुरून टाकलं असणार.